चार चेहरे, तीन आवाज

पहिले नाटक चालले तर ते नशिबावर घालता येते. दुसरेही चालले म्हणजे मंडळीच्या अंगी काहीतरी आहे असे धरून चालावे लागते. गाण्याच्या तबकड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. १९७६ साली पश्चिम जर्मनीतून ‘बोनी एम’ नावाच्या चौघांच्या संचाची पहिली लाँगप्ले तबकडी निघाली. ‘डॅडी कूल’ आणि ‘सनी’ या गाण्यांनी युरोपातील नृत्यगृहे दणाणून गेली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७७ साली, ‘लव्ह फॉर सेल’ ही दुसरी तबकडी बाजारात आली. तिच्यातील ‘मा बेकर’ आणि ‘बेलफास्ट’ ही दोन्ही गाणी जर्मनीत पहिल्या क्रमांकावर चढली. ‘मा बेकर’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. नशिबाचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. जे प्रश्न निकालात निघाले नाहीत ते मात्र त्या तबकडीच्या वेष्टनावर आणि तिच्या खाचांत आजतागायत तसेच आहेत. संचाचा सूत्रधार फ्रँक फारियन २०२४ च्या जानेवारीत मायामी येथे निवर्तला. त्यानंतर तरी ते प्रश्न नीट मांडले जाणे अस्थानी ठरू नये. अग्रलेखाच्या जागी डिस्कोची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा आणि नाव कोणाचे, हा वाद गोमंतकाला परका नाही.

फारियन हा मूळचा आचारी. त्याचे खरे नाव फ्रान्झ रॉयटर. जन्म १९४१ चा, जर्मनीतील किर्न या गावचा. पाकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन तो गाण्याकडे वळला, आणि त्याची पुढील सारी कारकीर्द पाहता पहिला धंदा त्याने खऱ्या अर्थाने सोडला होता असे म्हणवत नाही. कोणत्या बरणीतून काय काढावे, किती आचेवर किती वेळ ठेवावे आणि ताट कसे सजवावे, याची त्याची जाण अखेरपर्यंत आचाऱ्याचीच राहिली. १९७५ साली त्याचे ‘बेबी डू यू वॉना बंप’ हे गाणे निघाले. त्यातला खोल घोगरा आवाज त्याचा आणि उंच किनरा आवाजही त्याचाच. स्वतःचे नाव घालण्याऐवजी त्याने तबकडीवर ‘बोनी एम’ असे छापले. दूरचित्रवाणीवरील एका ऑस्ट्रेलियन हेरकथामालेच्या नायकाचे ‘बोनी’ हे नाव त्याला आवडले होते, एवढेच त्याचे रहस्य. हॉलंड आणि बेल्जियममध्ये ते गाणे चालले आणि नृत्यगृहांतून व दूरचित्रवाणीवरून बोलावणी येऊ लागली. आता बोलावणे आलेल्या ‘बोनी एम’ला पाठवायचे तर तो अस्तित्वात असायला हवा! अशा रीतीने आधी आवाज, मग नाव आणि सर्वांत शेवटी माणसे, या उलट्या क्रमाने हा संच जन्मास आला.

जमलेली चारही माणसे कॅरिबियन बेटांवरची होती. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट या जमैकाच्या, मेझी विल्यम्स मॉन्टसेराटची आणि बॉबी फॅरेल अरुबाचा. वसाहतींतून पोटासाठी युरोपात आलेल्या हजारोंपैकी हे चौघे. लिझने त्याआधी लेस हंफ्रीज याच्या वृंदात गायन केले होते, मार्सियाही गायिका म्हणून धडपडत होती. मेझी दिसायला देखणी, आणि बॉबी असा नाचे की पाहणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. उघडी छाती, चकचकीत विजारी, अंगात आल्यासारखे घुमणे! मंचावरचा खोल पुरुषी आवाज त्याच्याच गळ्यातून निघतो आहे, याविषयी प्रेक्षकांना शंका घेण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात तो आवाज फारियनचा होता. १९७८ साली फारियनने स्वतःच हे सांगून टाकले: ध्वनिमुद्रणात गातात त्या लिझ आणि मार्सिया, पुरुषाचा आवाज माझा, बॉबी आणि मेझी मंचापुरते. म्हणजे वेष्टनावर चेहरे चार, आत आवाज तीन; आणि त्या तिनांतला एक बिनचेहऱ्याचा. जगाने हे ऐकून घेतले आणि पुन्हा नाचायला लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा संच मॉस्कोला जाऊन दहा कार्यक्रम करून आला.

‘लव्ह फॉर सेल’ ही तबकडी हातात घेतली की प्रथम जाणवते ते तिच्यातील मालाचे गाव. एक गाणे अमेरिकेतील क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या संचाचे, एक इंग्लंडच्या यार्डबर्ड्सचे १९६५ मधले, एक गुलामगिरीच्या काळातील निग्रो भक्तिगीत, एक कोल पोर्टरच्या १९३० सालच्या संगीतिकेतले. या साऱ्यांना म्युनिकच्या कलाघरातील तालाचा एकच फोडणीचा वास. म्युनिक हे त्या वर्षांत डिस्कोचे टाकसाळगाव होते. जॉर्जियो मोरोडेर आणि डॉना समर यांचे ‘आय फील लव्ह’ हे यंत्रवाद्यांवर उभे असलेले गाणे तेथलेच आणि १९७७ चेच. मोठ्या ढोलाचा चौपट ठोका एकाही मात्रेला न चुकता पडत राहतो, त्यावर बास गिटार दोन स्वरांच्या अंतरात उड्या मारते आणि वरून व्हायोलिनांचा ताफा लखलखत येतो. समीक्षकांनी या ठोक्याची पुष्कळ टवाळी केली. आमचे मत निराळे आहे. ठेका सोपा असणे हा दोष नव्हे. फुगडीचा ठेकाही सोपाच असतो. फारियनच्या तबकडीत कच्चे काही सापडत नाही. स्त्रियांच्या आवाजांचे थर एकावर एक इतके नेटके बसवलेले आहेत की दोन गळ्यांचा एक समुदाय व्हावा. लिझचा आवाज या संचात वाया गेला असे म्हणणाऱ्यांनी ‘मदरलेस चाइल्ड’ एकदा डोळे मिटून ऐकावे. त्या गाण्याकडे पुढे वळूच.

आधी ‘मा बेकर’. या गाण्याच्या चालीचा गाभा ट्युनिशियाचा आहे. फारियनचा सहकारी हान्स यॉर्ग मायर सुटीत त्या देशात गेला असताना ‘सिदी मन्सूर’ हे लोकगीत त्याच्या कानी पडले. सिदी मन्सूर हा स्फाक्स शहराजवळच्या किनाऱ्यावरचा संत. त्याचे स्थान समुद्राच्या काठी, आणि त्याच्याच नावाचे तेथे मच्छीमारांचे गाव. दर्यावर जाणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या सत्पुरुषाला गाणे वाहावे ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. कोळी आणि खारवी समाजाला ती जन्मतःच कळते. ते गाणे म्युनिकला पोचले तेव्हा संत गेला, समुद्र गेला, प्रार्थना गेली आणि उरली चाल. गाण्याचे निर्माते म्हणून नावे छापली गेली ती फारियन, शब्द लिहिणारा फ्रेड जे आणि कोणी जॉर्ज रेयाम यांची. हा रेयाम कोण? ‘मायर’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की झाला ‘रेयाम’. स्फाक्सच्या किनाऱ्याला मात्र सुलट वा उलट, कोणत्याच रूपात त्या ओळीत स्थान मिळाले नाही. लोकगीताला मालक नसतो, हे कायद्याने खरे. पण मालक नसलेल्या वस्तूला उचलणारा मालक का होतो, याचे उत्तर कायदा देत नाही. २००० साली ट्युनिशियाचाच गायक साबर रबाई याने ‘सिदी मन्सूर’ नव्याने गायिले आणि ते अरब जगात घरोघर पोचले. तेव्हा युरोपातील अनेकांना ती चाल ‘बोनी एम’ची वाटली असल्यास नवल नाही.

संताच्या जागी आली ती दरोडेखोर आई. मूळ नाव बार्कर. चालीत बसेना म्हणून बेकर केले. केट बार्कर ही मिसुरीतील बाई. हर्मन, लॉइड, आर्थर आणि फ्रेड हे तिचे चार मुलगे, आणि चौघेही गुन्हेगारीत शिरलेले. १६ जानेवारी १९३५ रोजी फ्लोरिडात एका तळ्याकाठच्या घराला सरकारी पोलिसांनी वेढा घातला आणि तासन्‌तास चाललेल्या गोळीबारात ती आणि फ्रेड ठार झाले. साठी ओलांडलेल्या बाईला मारावे लागल्यावर तिचे वर्णन टोळीची क्रूर सूत्रधार असे होणे ओघानेच आले, आणि हूव्हर यांच्या खात्याने ते जोरात केले. पण त्याच टोळीतला ॲल्विन कार्पिस याने पुढे आपल्या आठवणींत हे साफ नाकारले. मुलांबरोबर राहणारी, त्यांची कृत्ये ठाऊक असलेली, पण बेत आखण्याशी संबंध नसलेली बाई, असे त्याचे सांगणे. कार्पिसला खोटे बोलण्याचे कारण होते काय? असेलही, पण बाई मेल्यानंतर तिला निर्दोष ठरवून त्याला मिळायचे काही नव्हते. गाण्याने पोलिसी आवृत्तीच घेतली, तिला तिसाव्या दशकाऐवजी विसाव्या दशकातल्या शिकागोत नेऊन बसवावे तशा थाटात, म्हणजे हव्या त्या काळात हव्या त्या शहरात, उभी केली आणि मध्येच एका अमेरिकन वृत्तनिवेदकाचा आवाज पेरून खरेपणाचा आव आणला. गाणे झकास आहे. बाईवर मात्र अन्याय झाला आहे, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

आता वेष्टन. मूळ वेष्टनावर चौघेही जवळजवळ विवस्त्र आहेत आणि अंगावर सोनेरी साखळ्या आहेत. वर शब्द: ‘लव्ह फॉर सेल’, प्रेम विकणे आहे. नग्नतेवर आक्षेप आले, काही ठिकाणी चित्र बदलून कपडे घातलेले छापण्यात आले. आमचा आक्षेप नग्नतेवर नाही, साखळ्यांवर आहे. ज्या बेटांवरून ही चार माणसे आली तेथे त्यांचे पूर्वज कशाने बांधून आणले गेले होते, हे वेष्टन रंगवणाऱ्याला ठाऊक नव्हते काय? ठाऊक असूनही त्या साखळीला सोन्याचा मुलामा दिला, की ठाऊकच नव्हते, यांपैकी कोणते अधिक वाईट हे आम्हांला ठरवता येत नाही. आणि त्याच वेष्टनाच्या आत लिझ मिचेल ‘मदरलेस चाइल्ड’ गाते. आईपासून तोडून विकल्या गेलेल्या मुलांच्या काळातले ते गाणे. ती ते नाचाच्या ठेक्यावर गाते, तरी ठेका तिला हरवू शकत नाही. विकण्याच्या साखळ्या बाहेर आणि विकल्या गेल्याचा हुंदका आत, असा प्रकार एका पुठ्ठ्यात सामावल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

शीर्षकगीताची कुळकथाही हेच सांगते. कोल पोर्टरचे हे गाणे म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या वेश्येचे स्वगत. १९३० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ते एका गोऱ्या नटीच्या तोंडी आले तेव्हा समीक्षकांनी अभिरुचीच्या नावाने गहजब केला. नभोवाणीने त्याचे शब्द वर्ज्य ठरवले. नाट्यव्यवस्थापनाने तोड काढली ती अशी: प्रवेशाचे स्थळ बदलून हार्लेममधील कॉटन क्लब केले आणि गाणे एलिझाबेथ वेल्श या कृष्णवर्णीय गायिकेकडे दिले. तक्रार मिटली! गोरी बाई देह विकते म्हटले की अभिरुची दुखावते. काळी विकते म्हटले की ते वास्तव ठरते. ४७ वर्षांनी म्युनिकमध्ये त्याच गाण्याभोवती काळ्या देहांना साखळ्या घालण्यात आल्या, तेव्हाही फारसे काही बदलले नव्हते.

‘बेलफास्ट’विषयी थोडक्यात सांगायचे तर, या तबकडीत ते एकटेच वर्तमानाकडे तोंड करून उभे आहे. उत्तर आयर्लंडातील रक्तपात त्या वेळी ऐन भरात होता. जर्मन गायक द्राफी डॉइचर याने रचलेले हे गाणे मार्सिया बॅरेट संचात येण्यापूर्वीपासून गात होती, आणि ते तिचे स्वतःचे असल्यासारखेच ऐकू येते. त्या शहराचे दुःख त्यात खोलवर उतरले आहे असे नाही. पण चमकी लावलेल्या कपड्यांत नाचता नाचता त्या शहराचे नाव घ्यावे एवढे भान तरी होते.

येथवर वाचून फारियनला फसवा ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी घटकाभर आपल्या घराकडे पाहावे. मंचावर एकाने ओठ हलवावे आणि गळा दुसऱ्याचा असावा, ही रीत भारताने १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून बिनतक्रार स्वीकारली. संगीत नाटकाच्या काळात हे चालले नसते. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर रंगमंचावर उभे राहत तेव्हा रूप आणि गळा एकाच देहाचे असत, आणि प्रेक्षक दोन्हींचे पैसे एकाच तिकिटात देई. बोलपटाने ही जोडी फोडली. त्यात पाप काही नाही. नायिकेला गाता येत नसेल तर गाणाऱ्या बाईने गावे, यात चित्रपटाचे भलेच झाले. पाप झाले ते नाव गाळण्यात. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचे नाव! नभोवाणीकडे श्रोत्यांची पत्रे जाऊ लागली, गाणारी खरी कोण ते सांगा; तेव्हा कोठे दीनानाथांच्या कन्येचे नाव ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला जागा नव्हती, तर लताबाईंनी त्या समारंभात गाण्यास नकार दिला. १९५९ पासून ती जागा निर्माण झाली आणि पहिले पारितोषिक त्यांनाच ‘मधुमती’साठी मिळाले. आपला गळा दुसऱ्याच्या चेहऱ्याला उसना देऊनही नाव आपल्याकडे ठेवता येते, हे त्यांनी भांडून सिद्ध केले. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट यांना हे भांडण इतक्या स्पष्टपणे कधी मांडता आले नाही. बॉबी फॅरेलचे दुखणे उलट होते: चेहरा आणि नाव त्याचे, गळा मात्र दुसऱ्याचा, आणि जन्मभर त्याला त्या गळ्याला जागावे लागले. ३० डिसेंबर २०१० रोजी कार्यक्रमासाठी गेला असता सेंट पीटर्सबर्गच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला.

फारियनने मात्र यातून धडा घेतला तो भलताच. ‘बोनी एम’च्या वेळी जगाने खांदे उडवले म्हणून त्याने १९८०च्या दशकाअखेर ‘मिली व्हॅनिली’ हा दोन देखण्या तरुणांचा संच उभा केला. गाणारे होते चार्ल्स शॉ, ब्रॅड हॉवेल आणि जॉन डेव्हिस, दिसणारे दुसरेच. या वेळी अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि १९९० च्या नोव्हेंबरात फारियनने खरे सांगितल्यावर ते परत घेण्यात आले. निंदेचा सारा भार त्या दोन तरुणांच्या डोक्यावर पडला. त्यांतला एक, रॉब पिलाटस, १९९८ साली ऐन तिशीत गेला. निर्माता पुढेही निर्माताच राहिला.

आणि गोव्याचे काय? ‘लव्ह फॉर सेल’ निघाली त्याच १९७७ साली आपल्याकडे ‘अमर अकबर अँथनी’ झळकला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव गल्लोगल्ली पोचले. पडद्यावर अमिताभ बच्चन, गळा किशोरकुमारांचा, आणि नाव मडगावजवळच्या माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली ती आदरांजली. लाखो लोकांनी ते नाव गायिले. त्या नावाचा खरा मनुष्य आहे, तो हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवत होता, हे त्यांतील किती जणांना ठाऊक होते? गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात निवर्तले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हीही अशीच नावे. चर्चच्या शाळेत सोल्फेजो शिकून, कागदावरचे स्वर वाचण्याची विद्या घेऊन ही मंडळी मुंबईला गेली, आणि ज्यांना स्वरलिपी येत नव्हती अशा संगीतकारांच्या चाली त्यांनी ताफ्याताफ्यांत वाटून दिल्या. गाण्याच्या सुरुवातीचे, कडव्यांमधले जे तुकडे आज आपण तोंडाने वाजवतो त्यांतले अनेक त्यांचे. श्रेयनामावलीत ते कधी ‘साहाय्यक’ म्हणून आले, पुष्कळदा आलेच नाहीत. आणि रांगेत बसून वाजवणाऱ्यांची नावे तर कोठेच नाहीत. त्यांचा म्युनिकचा भाऊबंद, ‘बोनी एम’च्या मागे ढोल वाजवणारा कीथ फोर्सी, पुढे स्वतः निर्माता होऊन नावारूपास आला. आमच्या वादकांना तो जिना दिसलाच नाही.

आता तर गळाही माणसाचा असण्याची गरज उरलेली नाही. यंत्राला चार गाणी ऐकवली की पाचवे ते त्याच आवाजात गाते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजितसिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले. गळा ही ज्याची त्याची मालमत्ता आहे, असे न्यायालयाच्या मुखातून निघाले ही मोठी गोष्ट. १९९४ च्या आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी कॉपीराइटच्या कायद्यात कलाकाराला हक्क दिले तेही मोलाचेच. पण न्यायालयात जाऊ शकतो तो ज्याचे नाव ठाऊक आहे असा गायक. ज्या वादकाचे नाव कोणत्याही तबकडीवर नाही त्याच्या गजाची लकब यंत्राने उचलली तर फिर्याद कोणी करायची, आणि कोणाच्या नावाने?

निदान नावे तरी लिहून काढता येतील. मुंबईच्या कलाघरांतील वादकांचा इतिहास ऑकलंड विद्यापीठातील ग्रेगरी बूथ यांनी मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जाझवाल्यांची हकीकत लिहिली, तीत गोवेकर पानोपानी भेटतात. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. पणजीची कला अकादमी आणि आकाशवाणीचे पणजी केंद्र यांनी ठरवले तर सासष्टी, बार्देश आणि तिसवाडीतील निवृत्त वादकांच्या घरी जाऊन कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले याची यादी मराठीत आणि कोंकणीत करता येईल. पेटाऱ्यांत पडलेले स्वरलेखनाचे कागद वाळवीने खाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेता येतील. या कामाला लागणारा पैसा एखाद्या महोत्सवाच्या मंडपाहून अधिक नाही. ज्यांना आठवते ते वादक आता ऐंशीच्या घरात आहेत.